हवेचा राखणदार

“शेवंते, देव मोजून बघ,” अण्णा म्हणाले.

“देव मोजूचे नसतत,” आत्या म्हणाली आणि समईची वात सारखी करायला लागली.

ओटीवर मला बघायला आलेला मुलगा कोपरापर्यंत काळे हात घेऊन उभा होता. त्याच्या सायकलचं पुढचं चाक घरापुढच्या खळ्यात आडवं पडलं होतं. त्याचे मामा ‘आता नको, आता नको’ करत पोह्यांची तिसरी बशी संपवत होते. आणि मी, हातात चहाचा ट्रे, अंगावर आत्याने नेसवलेली मोरपंखी साडी, अशी ओणवी होऊन बाकाखाली एक पितळेचा तुकडा शोधत होते. मुलीने खाली मान घालून बसावं असं म्हणतात, पण इतकी खाली घालणारी मी पहिलीच असेन.

मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. माझी आई मी लहान असतानाच गेली. घरात अण्णा, मी आणि अण्णांची थोरली बहीण शेवंती आत्या. अण्णा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. आत्याचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, हे आमच्या घरात कोणी विचारत नसे. मी गावच्या पोस्टात कामाला होते, पत्रांवर शिक्के मारत होते, आणि माझं लग्न जमत नव्हतं.

न जमण्याची पद्धत ठरलेली होती. मुलाकडचे यायचे, पोहे खायचे, मला ‘स्वयंपाक येतो का’ विचारायचे, आणि एसटीची वेळ झाली की उठून म्हणायचे, “कळवतो.” मग कळवायचे नाहीत. पत्र आलं असतं तर आधी माझ्याच हातात पडलं असतं, तेव्हा वाटेत हरवलं अशी समजूत काढून घ्यायचीही सोय नव्हती. पाहुणे गेले की अण्णा वर्तमानपत्र उघडायचे. आत्या मात्र बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, जाऊन उभी राहायची आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. मग आत येऊन बशा धुवायची.

हा मुलगा, श्रीरंग वालावलकर, सावंतवाडीच्या टेलिफोन ऑफिसात होता. मामा एसटीने आले आणि हा सायकलने. मुलगी बघायला सायकलने, तेही घामाघूम होऊन! अण्णांनी त्याला पाहिलं आणि त्यांना वाटलं पोस्टमन असावा. पण सायकल साधी नव्हती. मस्कतच्या चुलतभावाने पाठवलेली, बारीक चाकांची, शर्यतीची. आमच्या बेड्यातून आत शिरता शिरता तिच्या पुढच्या चाकात काटा गेला आणि मुलगा नमस्कार करायच्या आधी पंक्चर काढायला बसला.

पंक्चर त्याने झटक्यात काढलं. अडचण पुढेच होती. त्या चाकाचा वाल्व आपल्याकडच्यासारखा नव्हता. सुईसारखा बारीक, टोकाला इवलीशी चकती. ती सैल करून दाबली की हवा सुटते. त्याच्यावर आपला कुठलाच पंप बसत नाही. बसवायचा तर मध्ये एक पितळी टोपी फिरवावी लागते. तिच्या पोटात तो बारीक वाल्व शिरतो आणि डोक्यावर नेहमीच्या पंपाचं तोंड बसतं. श्रीरंगने अण्णांच्या मोटरसायकलचा पायपंप मागून घेतला, खिशातून ती टोपी काढून ओटीच्या कडेवर ठेवली आणि म्हणाला, “हा अडॅप्टर. एवढा एकच आहे, जरा लक्ष असू द्या.”

लक्ष द्यायला आत्या होती. दुसऱ्या दिवशी जत्रा म्हणून तिने घरातले सगळे देव चिंचेने घासून त्याच ओटीवर, पाटावर उन्हात वाळत ठेवले होते. टायर चाकावर चढवताना श्रीरंगचं बोट चिमटलं, त्याने ते जरा वेळ तोंडात धरलं, आणि मागे वळून बघतो तर अडॅप्टर नाही. पाटही नाही आणि देवही नाहीत.

आमच्या देव्हाऱ्यात किती देव आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. या घरात आलेल्या प्रत्येक सुनेने आपल्या माहेरचा एखादा देव पदराखालून आणलेला. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून घासून निम्म्यांची नाकं-डोळी गेलेली. कोण खंडेराय आणि कोण अन्नपूर्णा हे फक्त आत्या सांगायची, आणि तीही दरवेळी वेगळं सांगायची. ट्रे खाली ठेवून मी देवघरात डोकावले तर तो दिसलाच. बाळकृष्णाच्या उजव्या बाजूला, डोक्यावर तुळशीपत्र, कपाळावर (जे काय असेल ते) कुंकू.

“अण्णा,” मी हाक मारली, “अडॅप्टर देवात आहे.”

अण्णा आले, मामा बशीसकट आले, श्रीरंग दाराबाहेरच थांबला. अण्णांनी हात पुढे केला तशी आत्या आडवी आली.

“हात लावू नको. अभिषेक झालो. नैवेद्य दाखवलंय.”

“अगो शेवंते, तो देव नाय. सायकलचो भाग तो.”

“कशावरना? ह्यो बघ आजयेच्या माहेरचो. ह्यो तरी खंय वळखूक येता? इतकी वर्सां पाया पडतंस मा तेच्या?”

अण्णांनी उभं आयुष्य पोरांना प्राणवायू आणि नत्रवायू शिकवलेला, देव ओळखायला नाही. त्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी घड्याळाकडे बघितलं. पाहुण्यांसमोर बोलायची शुद्ध भाषा अण्णांनी गोळा केली आणि म्हणाले, “आपण असं करू, गुरवांना बोलावू.”

भिकाजी गुरव जत्रेच्या तयारीतून उठून आला. बसायला पाट, मग पोहे, मग पान. मग त्याने देव्हाऱ्यात वाकून, हात न लावता, त्या टोपीकडे बराच वेळ बघितलं.

“भोक आरपार हा,” तो म्हणाला.

“असणारच,” श्रीरंग दारातून म्हणाला. “त्यातून हवा जाते.”

“वारो जाता.” गुरवाने मान डोलावली. “वाऱ्याचो धनी. भायरसून इलो, वाटेवरना इलो. ह्यो वाटेवरचो राखणदार. तुमी म्हणताहात तसो सायकलचो भाग पण आसात. तेचा कायएक नाय. राखणदार खंय बसतलो ता आपण कोण सांगणारे?”

मामा आता घाईला आले होते. शेवटची एसटी चुकली तर इथेच मुक्काम पडणार, आणि मुलगी बघायला आलेल्या घरी मुक्काम म्हणजे होकारच. ते म्हणाले, “देवालाच विचारा ना, येतो का बाहेर. तुमच्याकडे कौल लावतात म्हणे.”

“कौल लावया,” आत्या लगेच म्हणाली. एवढ्या लगेच की मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

नारळ मांडला. त्याच्यावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी दोन तगरीची फुलं ओली करून चिकटवायची. उजवं आधी पडलं तर देव बाहेर यायला राजी, डावं पडलं तर नाही. फुलं आत्याने चिकटवली. उजवं तिने तांब्यात चांगलं बुडवून, अंगठ्याने दाबून लावलं. डाव्याला नुसता पाण्याचा हात लावला. मी ते बघितलं, पण मी तेव्हा श्रीरंगकडेही बघत होते, त्यामुळे काही सुचलं नाही.

गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” आम्ही म्हणालो.

“आज ह्या ठाकुरांच्या घराक पावणे इलेहत. तेंच्या सायकलीतलो वारो गेलोहा…”

“व्हय म्हाराजा.”

“तो वारो भरूक तुका जागो सोडूचो लागता. तर तू राजी आसलंस तर उजवो दी, राजी नसलंस तर डावो दी, आणि भरलेलो वारो वाडीयेक जायसर टिकान दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी श्रीरंगचा आवाज सगळ्यांत मोठा होता. हवा सावंतवाडीला पोचेपर्यंत टिकावी, ही शेवटची मागणी त्याला मनापासून पटली असावी.

डावं फूल पडलं. पडलं कसलं, गुरवाचं बोलणं संपायची वाटही न बघता घरंगळलं.

मामा रुमालाने तोंड पुसत उठले आणि तो शब्द त्यांच्या ओठांवर आला. मला तो दुरूनही ओळखता यायला लागला होता. “बरं तर मग. सायकल राहू दे इथे, नंतर कोणालातरी पाठवू. श्रीरंग, चल. अण्णासाहेब, आम्ही तुम्हाला काय ते कळ…”

“मामा, एक मिनिट,” श्रीरंग म्हणाला. त्याने आत्याकडे बघितलं. “देव बाहेर येत नाही. पण सायकल आत आलेली चालेल का?”

आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटतं, त्या दिवशी मुलगा कोणी बघितला असेल तर तो तिने.

“पाय धुवन येवंदे,” ती म्हणाली.

तसे सायकलचे पाय धुतले. आत्याने स्वतः उंबऱ्यावर उभं राहून दोन्ही चाकांवर पाणी घातलं आणि पुढच्या चाकाला कुंकू लावलं. पंपही धुतला. आमचं देवघर म्हणजे कोठीच्या शेजारची अरुंद खोली. सायकल आत गेल्यावर फक्त दोन माणसांपुरती जागा उरली. एकाने टोपी वाल्ववर फिरवून पंपाचं तोंड धरायचं, दुसऱ्याने पंप मारायचा. श्रीरंगला धरणं भाग होतं. मामांचं पोट मावेना. अण्णांना दमा. गुरव म्हणाला, “माजो मान नारळाचो, पंपाचो नाय.”

“वैजू मारतली,” आत्या म्हणाली.

अशी मी मोरपंखी साडीचा ओचा खोचून देवघरात गेले आणि पंपावर पाय ठेवला. बाहेर गुरव घंटा वाजवत होता, कारण देव जागेवरून उठल्यावर घंटा वाजवतात.

“तुम्हाला काही विचारायचंय का?” श्रीरंगने हळूच विचारलं. बघण्याच्या कार्यक्रमात मुलांना हे विचारायला शिकवून पाठवतात.

“किती मारू?” मी विचारलं.

“मी थांब म्हणेपर्यंत.”

मी मारत राहिले. अंगाला घाम आला, बांगड्या वाजत होत्या, अंबाडा सुटला. तो काही थांब म्हणेना. शेवटी मीच वाकून चाक अंगठ्याने दाबलं. दगडासारखं घट्ट झालं होतं.

“ह्या फुटतला आता!” माझ्या तोंडून निघून गेलं. सकाळपासून जपलेली शुद्ध भाषा संपली.

“मगाशीच भरलं,” तो म्हणाला आणि हसला. “पण घंटा चालू होती, म्हटलं आरती पुरी होऊंदे.”

मला तो आवडला. इतका आवडला की भीती वाटली. कारण आवडलेल्या माणसाने ‘कळवतो’ म्हणण्याची मला सवय नव्हती.

त्याने टोपी काढून, पुसून, पुन्हा बाळकृष्णाच्या बाजूला ठेवली आणि नमस्कार केला. मामांनी ‘कळवतो’ म्हटलंच. आत्या बेड्यापाशी जाऊन उभी राहिली. पण या वेळी ती एसटीकडे बघत नव्हती, सायकलकडे बघत होती. आणि आत आल्यावर तिने बशा धुतल्या नाहीत. म्हणाली, “त्या बारीक नळयेत वारो किती दिवस टिकात?”

“आठवडाभर,” अण्णा म्हणाले. “फार तर.”

“बरा,” आत्या म्हणाली.

पुढच्या रविवारी श्रीरंग आला. सायकल हातात धरून, पुढचं चाक लिबलिबीत. ओटीवर बसून म्हणाला, “हवा भरायची होती.” पाय धुणं, कुंकू, घंटा, पंप. मी पंप मारला. पुढच्या रविवारी पुन्हा. सावंतवाडीहून आमच्या गावापर्यंत यायचं, हवा भरायची आणि ती परत जाताना खर्च करायची. अशी उठाठेव जगात दुसऱ्या कोणी केली नसेल. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. ‘ठाकुरांकडे हवेचो राखणदार बसलोहा’ म्हणून बाजारातल्या टेम्पोवाल्याने नवीन टायर आणून देवघरासमोर ठेवले, नारळ फोडला आणि गेला. मग रिक्षावाले यायला लागले. कंडक्टर एसटी थांबवून बसूनच हात जोडायचा. अण्णा हे सगळं वर्तमानपत्राआडून बघायचे. एका रविवारी श्रीरंग गेल्यावर त्यांनी पेपर खाली केला.

“एक विचारू? चाकात वारो नाय, तर तो येता कसो?”

“राखणदार घेवन येता,” आत्या म्हणाली. अण्णांनी पेपर पुन्हा वर केला.

मामांकडून मात्र एक अक्षर आलं नव्हतं. मी रोज टपालाची थैली उघडायचे आणि रोज आमच्या नावाचं काही नसायचं. हवा भरायला येणारा माणूस हवाच भरायला येत असेल, तर मी कोण? पंप मारणारी. एक दिवस नळी जुनी होईल, नाहीतर मस्कतहून नवीन टोपी येईल, आणि रविवार संपतील. मला रडू यायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा, की रडायचं कशासाठी तर चाकासाठी.

असंच एका रविवारी मी अण्णांसाठी सुपाऱ्या आणायला बाजारात गेले होते. परत येताना बांबूच्या बेटाआडच्या वळणावर पोचले तर समोरून श्रीरंग आला. जोरात, मजेत, शीळ वाजवत. त्याने मला पाहिलं नाही. वळणावर उतरला, सायकल बांबूला टेकवली, आजूबाजूला बघितलं, पुढच्या चाकाशी बसला, वाल्वची चकती सैल केली आणि दाबली.

फुस्स. बराच वेळ.

मग त्याने चाक दाबून बघितलं, जरा जास्तच भरलेलं वाटलं म्हणून आणखी थोडी हवा सोडली, चेहरा दमल्यासारखा केला आणि सायकल हातात धरून निघाला.

“वालावलकर,” मी हाक मारली.

तो जागीच उभा राहिला. मान खाली. पोस्टात पोरं तिकिटं चिकटवायची खळ चाटताना सापडतात, अगदी तसा दिसत होता.

“नवीन टोपी आली वाटतं मस्कतहून.”

त्याने खिशात हात घालून दाखवली. चकचकीत. “केव्हाच आली.”

“मग?”

“मामा म्हणाले होते कळवतो. मी म्हटलं, मीच कळवतो. तेच कळवायला दर रविवारी येतोय.” त्याने घसा साफ केला. “येतो, तुम्ही पंप मारायला लागता, घंटा वाजायला लागते, आणि सांगायचं राहून जातं. मग हवा भरून परत.”

मी पिशवी खाली ठेवली. “आता घंटा वाजत नाहीये,” मी म्हणाले.

“माका तुज्याशी लगीन करूचा हा,” तो म्हणाला. शुद्ध भाषा त्याचीही संपली होती.

दोघांनी मिळून सायकल घरापर्यंत ढकलत नेली. हवा नव्हतीच.

लग्न आमच्याच खळ्यात झालं. गुरवाने मंगलाष्टकांनंतर हवेच्या राखणदाराला वेगळं गाऱ्हाणं घातलं आणि टेम्पोवाल्याने वऱ्हाडाला फुकट टेम्पो दिला. मामांनी जिलबी ‘आता नको’ म्हणत किती खाल्ली, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

निघायची वेळ झाली. मी अण्णांच्या गळ्यात पडले, तेही रडले, चष्मा पुसला, पुन्हा रडले. आत्या दिसेना. मग ती देवघरातून मूठ बंद करून आली आणि सरळ श्रीरंगसमोर उभी राहिली. त्याच्या हातावर तिने टोपी ठेवली. कुंकू पुसलेलं, चिंचेने घासून लखलखीत केलेली.

“घेवा तुमचो अडॅप्टर,” ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत तिने हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. राखणदाराशिवाय दुसरं काही म्हणू दिलं नव्हतं कोणाला. श्रीरंग टोपीकडे बघत राहिला आणि मला ते ओलं करून अंगठ्याने दाबलेलं फूल आठवलं.

“आत्या,” मी म्हणाले, “तुका ठावक होता? पयल्यापासून?”

तिने माझा पदर सारखा केला. मग बेड्याकडे बघितलं, जिथून रस्ता वळणाआड जातो.

“माका बघूक इल्लो तो चलत इल्लो गो,” ती म्हणाली. “हातात छत्री पण नाय. तेचा काय म्हणान ठेवन घेवचा?”